वगळलेलं नववं पान

नवा संगणक पहिल्यांदा सुरू केला की तो मालकाला नऊ पानं प्रश्न विचारतो. तुम्ही कुठे आहात ते पाहू का? तुमचा आवाज साठवू का? चेहऱ्यावरून तुम्हाला ओळखू का? २०३६ सालच्या संगणकांना विचारण्यासारखं बरंच होतं, कारण त्यांना कळतही बरंच होतं. सगळी पानं नीट वाचून उत्तरं द्यायची तर एका यंत्रामागे छत्तीस मिनिटं जातात. तेजल ढोकेने हे एकदा घड्याळ लावून मोजलं होतं. मोजलं, आणि त्याच दिवशी ती पानं वगळायची युक्ती शोधायला बसली होती.

धानोडी हे पैनगंगेच्या काठचं तालुक्याचं गाव. तिथल्या बसस्थानकासमोर रियाजभाईंचं संगणकांचं दुकान होतं आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. झालेली सव्वीस वर्षांची तेजल त्या दुकानाची तंत्रज्ञ होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात रियाजभाई एक कागद नाचवत आत आले.

“जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्यांचं काम आपल्याला मिळालं! सहाशे चाळीस मशीन. नमुन्याचं एक परवा येते, बाकी माल चौदा तारखेला, अन् वीसला सगळे टेबलावर लागले पाहिजेत. जमते का बोल, नाही तर आत्ताच फोन करून हात जोडतो त्यांना.”

“सहाशे चाळीस गुणिले छत्तीस मिनिटं,” तेजल म्हणाली, “म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी तास. एका माणसाचे सोळा अहोरात्र. न जेवता, न झोपता.”

“म्हणजे नाही जमत.”

“म्हणजे प्रश्न विचारू द्यायचेच नाहीत.”

रियाजभाईंनी कागद खाली ठेवला. “तू बोलतेस तेव्हा मला अर्धंच समजते, पण बरं वाटते.”

मोठं काम आलं की या धंद्यात सगळी यंत्रं एकेक करून कोणी लावत नाही. एकच यंत्र घ्यायचं, ते मनासारखं सजवायचं, तपासायचं आणि मग त्याची हुबेहूब नक्कल बाकीच्यांत ओतायची. त्या पहिल्या यंत्रातल्या ऐवजाला मूळ प्रत म्हणतात. सोबत एक छोटीशी उत्तरांची फाईल जोडतात. संगणक सुरू होताना जे जे विचारेल, त्याची उत्तरं माणसाऐवजी ही फाईल देते. भाषा कोणती? मराठी. वेळ कुठली? भारताची. आणि त्या नऊ पानांपुढे तेजलने एकच शब्द लिहिला: वगळा. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसतं आणि उत्तर नाही म्हणजे परवानगीही नाही, असं तिने गृहीत धरलं होतं.

नऊ जूनला नमुन्याच्या यंत्रावर मूळ प्रत तयार झाली. मराठी कळफलकावरून अक्षरं नीट उमटतायत ना, हे पाहायला तिने त्यावर तासभर धडाधड टाइप केलं, जोडाक्षरं तपासली, समाधानाने प्रत मोहोरबंद केली. वीस तारखेच्या दुपारी चारला शेवटचं यंत्र टेबलावर लागलं. जिल्ह्याच्या माणसाने विचारलं, इतक्या लवकर कसं काय? तेजलने ती फाईल त्याला मोठ्या कौतुकाने दाखवली.

त्या सहाशे चाळीसपैकी चोवीस यंत्रं धानोडीच्या मोडी लिप्यंतर केंद्रात गेली होती, आणि त्यातलं एक प्रभामावशीच्या टेबलावर.

प्रभावती भिवापूरकर ही तेजलच्या आईची मोठी बहीण. वय चौपन्न. लग्न केलेलं नाही. कॉलेजात आल्यापासून तेजल तिच्याकडेच राहत होती. मावशी मोडी वाचायची. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, लेखणी शक्यतो उचलत नाहीत. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. यंत्रं एव्हाना छापलेली कुठलीही लिपी वाचत होती, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारकुनाच्या हाताचं एक वळण चुकीचं वाचलं की शेताची हद्द ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर जायची. म्हणून न्यायालयं अजून माणसाने वाचलेली प्रतच मान्य करत. मावशीच्या सहीच्या प्रतीवर तर उलटतपासणीत कोणी बोट ठेवल्याचं ऐकिवात नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तेजल घरी आली, तर ओट्यावर पालकाची जुडी तशीच पडलेली आणि मावशी स्टुलावर बसलेली.

“भाजी तू चीर वं तेजू. सुरी नको माझ्या हातात.”

“का? कापलं का कुठे?”

मावशीने पदराखालून एक पाकीट काढून पुढे केलं. चार ओळी होत्या. हस्तलय निरीक्षणानुसार आपल्या हाताच्या लयीत लक्षणीय घट आढळली आहे. श्रेणी तीन. कंपवाताची शक्यता. श्रेणी तीनमधील व्यक्ती सामूहिक विम्यात बसत नसल्याने एक एप्रिलपासून आपल्या कराराचे नूतनीकरण होणार नाही. हरकत असल्यास चौदा मार्चला आढावा समितीपुढे मांडावी.

तेजलने पत्र दोनदा वाचलं. हस्तलय म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. कॉलेजात तिने त्यावर निबंध वाचला होता आणि भारावून गेली होती. आपण कळ दाबतो तेव्हा बोट ती साधारण सेकंदाचा दहावा भाग दाबून धरतं. हा काळ दर वेळी किंचित बदलतो, पण प्रत्येकाच्या बदलण्याची एक ठरावीक घडी असते, चालीसारखी. मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी झिजू लागल्या की ही घडी विसकटते. हात थरथरायला लागण्याच्या चार-पाच वर्षं आधी. डोळ्यांना हे दिसत नाही, डॉक्टरांनाही दिसत नाही. पण संगणक प्रत्येक कळ हजाराव्या सेकंदापर्यंत मोजतो. माणसाची निरोगी लय आधी एकदा नोंदवून ठेवली आणि रोजची लय तिच्याशी ताडत गेलं, की ओहोटी केव्हा लागली ते कळतं. हजारो माणसांना वेळेवर औषध मिळालं होतं त्यामुळे. शोध खरा होता, चांगलाही होता.

“मावशी, तू या हस्तलयला हो कशाला म्हणालीस?”

“मी? मला कुणी विचारलंच नाही. बटण दाबलं, माझं नाव आलं, कामाला लागले.”

तेजलच्या हातातली पालकाची काडी तशीच राहिली. नववं पान. हस्तलयचा प्रश्न नवव्या पानावर असतो, आणि ते पान मावशीला कोणी दाखवलं नाही, हे तिच्याइतकं पक्कं जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. ते तिने त्या संध्याकाळी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या आठवड्यात मावशी हळूहळू बदलली. चहा बशीत ओतेना. सही करायची वेळ आली की चष्मा शोधायला उठे. आणि खरोखरच तिचा हात थरथरायला लागला. कप ठेवताना बशी वाजे आणि दोघीही दुसरीकडे पाहत. अकोल्याच्या मेंदूतज्ज्ञांनी तिला चालवलं, बोटं नाचवायला लावली, कागदावर गोल काढून घेतले.

“मला तर काही दिसत नाही बाई,” ते म्हणाले. “पण हे यंत्र माझ्या चार वर्षं आधी ओळखतं म्हणतात. मग मी ‘नाही’ असं लिहून कसं देऊ?”

परतीच्या बसमध्ये मावशी म्हणाली, “चला, निदान कोण चूक ते तरी चार वर्षांनी कळेल.” आणि हसली. त्या हसण्याने तेजलला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती केंद्रावर गेली. मावशीला म्हणाली, तुझ्या यंत्राच्या आतल्या नोंदी पाहू दे. मावशीने डबा उघडत खुर्ची सोडली. शेजारच्या टेबलावरचे गजानन तायडे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले आणि तसंच पत्र आलेले, चष्म्यावरून पाहत होते.

नोंद सापडायला फार वेळ लागला नाही.

हस्तलय संमती: होय. उत्तरास लागलेला वेळ: ०.०० सेकंद.

तिने ओठ चावला. म्हणजे कंपनीने उलटं गृहीत धरलं होतं. पान वगळलं तर उत्तर ‘होय’. हे वाईट होतं, पण याच्यावर कोणी मावशीचा करार परत देणार नव्हतं. परवानगी न घेता काढलेला का होईना, निष्कर्ष खराच ठरला असता. ती पुढची ओळ वाचू लागली.

संदर्भ लय नोंदवली: ९ जून, सकाळी ११.४०.

तेजलने ती तारीख बोट ठेवून वाचली. संदर्भ लय म्हणजे माणसाची निरोगी चाल. जिच्याशी पुढे सगळं ताडायचं ती. नवव्या पानावर ‘हो’ म्हटलं की ती नोंदवायला यंत्र एक परिच्छेद टाइप करून घेतं. पान वगळलं, तर यंत्रावर पहिल्या तासात जो टाइप करेल त्याची लय ते गुपचूप उचलतं. पण नऊ जूनला मावशीचं यंत्र खोक्यातच होतं. ते खोकंही अजून धानोडीत आलं नव्हतं. त्या दिवशी पावणेबाराला टाइप करत होती ती एकच मुलगी, दुकानात, मूळ प्रतीवर, जोडाक्षरं तपासत.

“तायडेकाका, जरा तुमचंही पाहू?”

नऊ जून, ११.४०. पलीकडचं टेबल, नऊ जून, ११.४०. चोवीसच्या चोवीस यंत्रांत तीच तारीख, तीच वेळ, तीच लय. सहाशे चाळीस माणसांच्या नावापुढे एकाच हाताची नोंद होती, आणि तो हात मिनिटाला साठ शब्दांनी टाइप करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीचा होता. त्याच्याशी ताडल्यावर मोडी वाचणाऱ्या चौपन्न वर्षांच्या बाईला ओहोटीच लागलेली दिसणार.

ती उठून मावशीजवळ गेली आणि डब्याशेजारी जमिनीवरच बसली. सगळं सांगितलं. फाईल, वगळा, मूळ प्रत, तासभर टाइप केलेलं. मावशी पोळीचा तुकडा मोडायची थांबली.

“म्हणजे मला काही झालेलं नाही?”

“ते मला माहीत नाही, मावशी. कोणालाच माहीत नाही. यंत्राने तुझा हात तुझ्या हाताशी कधी ताडलाच नाही.”

“हात का थरथरतो मग?”

“तू घाबरलीस म्हणून. असं मला वाटतं. सिद्ध नाही करता येणार.”

मावशीने तुकडा डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, “पान वगळलंय, हे पत्र आलं त्याच दिवशी तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“नऊ दिवस झाले, तेजू. नऊ दिवस मी सुरी धरली नाही.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डब्याचं झाकण लावलं. “समितीत सांगशील हे? सगळ्यांसमोर? तू केलंस म्हणून?”

“सांगेन.”

“अन् रियाजभाईंचं दुकान?”

तेजल तिथून उठून थेट दुकानात गेली. रियाजभाईंचं उत्तर तिला आवडणारं नव्हतं.

“काळ्या यादीत टाकतील आपल्याला,” ते म्हणाले. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं, जणू यादी घेऊन माणसं बाहेर उभीच होती. “बावीस वर्षांचं दुकान आहे. पोरी, ‘हो’ आपण लिहिलं का? कंपनीने लिहिलं. तेवढंच सांग ना!”

“तेवढं सांगून मावशीचा अहवाल खोटा ठरत नाही. संदर्भ माझा आहे हे सांगितलं तरच ठरतो. आणि तो माझा कसा झाला, हे विचारतीलच.”

“मी नाही येणार तिथे.”

“नका येऊ. मी माझ्या नावाने बोलते.”

“तुझं नाव अन् माझं दुकान काय वेगळं आहे का गावात?” ते चिडून म्हणाले. मग शटरच्या कडीशी चाळा करत विचारलं, “किती जणांना असं पत्र गेलं?”

“जिल्ह्यात दोनशे अकरा.”

दोनशे अकरा हा आकडा त्यांनी स्वतःशी एकदा पुटपुटला.

चौदा मार्चला आढावा समिती मोडी केंद्राच्याच सभागृहात बसली. अध्यक्ष अपर आयुक्त वैजयंती मोकाशी. पांढऱ्या केसांच्या, बोलण्याआधी पेनाचं टोपण लावणाऱ्या. कंपनीतर्फे पुण्याहून अनिश कोठावळे आले होते. तिशीचे, नीटनेटके, आवाजात नम्रपणा. मागच्या बाकांवर पत्रं आलेली माणसं दाटीवाटीने बसली होती. तेजलने तीनदा मागे वळून पाहिलं. रियाजभाई नव्हते.

कोठावळेंनी अकरा हजार रुग्णांवरच्या चाचणीचे आकडे सांगितले. शंभरातले चौऱ्याण्णव निष्कर्ष बरोबर. मग ते मावशीकडे वळले. “मॅडम, आम्हाला वाईट वाटतं. पण तुमच्या टायपिंगमध्ये दोन-दोन मिनिटांचे थांबे आहेत. निरोगी हात इतका थांबत नाही.”

“अहो, हात नाही थांबत,” मावशी म्हणाली, “मी थांबते. समोर मोडी असते माझ्या. तुम्हाला एक पान देऊ का? बघू तुमचा हात किती धावतो.”

बाकांवर हशा पिकला. मोकाशीबाईंनी टोपण लावलं. “हरकत कोण मांडणार?”

तेजल उभी राहिली. आकडे पाठ होते आणि आकडे सांगताना तिला कधी भीती वाटत नसे. “मॅडम, यंत्र बरोबर आहे. चाचणीही बरोबर आहे. त्याला माणूस चुकीचा दिला आहे. मला पंधरा मिनिटं द्या, मी दाखवते.”

तिने मावशीचा संगणक टेबलावर ठेवला. हस्तलयमध्ये ‘आत्ता तपासा’ असं बटण होतं. तीन मिनिटं टाइप केलं की ते निकाल सांगे. ती बसली आणि टाइप करू लागली. सभागृहात फक्त कळांचा आवाज. तीन मिनिटांनी पडद्यावर हिरवी चौकट उमटली. मोकाशीबाईंनी ती मोठ्याने वाचली.

“प्रभावती भिवापूरकर. वय चौपन्न. लय पूर्ववत. श्रेणी शून्य.”

“पण टाइप तर या मुलीने केलं!” मागून कोणीतरी म्हणालं.

“योगायोग असू शकतो,” कोठावळे म्हणाले. “काही लोकांची लय सारखी असते.”

“तायडेकाका, तुमचं आणा,” तेजल म्हणाली.

तायडेकाकांनी आपलं यंत्र लग्नातल्या आहेरासारखं दोन्ही हातांवर धरून आणलं. तीन मिनिटं. गजानन तायडे, वय छप्पन्न, लय पूर्ववत, श्रेणी शून्य. “वा, बरा झालो!” ते म्हणाले. तिसरं यंत्र कोषागारातल्या एका बाईंचं होतं. तेच. बाकांवर आता कुजबूज थांबत नव्हती.

“यांतल्या प्रत्येकाचा मूळ हात म्हणून माझा हात नोंदलेला आहे,” तेजल म्हणाली. “या यंत्रांच्या लेखी मी सहाशे चाळीस माणसं आहे.”

मोकाशीबाई क्षणभर पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मान वळवली. “कोठावळे, जरा बसा बघू तुम्ही.”

“मी?”

“तुम्ही तिशीचे. तब्येतही चांगली दिसते. बसा.”

कोठावळे मावशीच्या यंत्रापुढे बसले. चांगलं सफाईने टाइप केलं त्यांनी, एकही चूक नाही. तीन मिनिटांनी चौकट आली. ती लाल होती. बाईंनी चष्मा नीट केला आणि प्रत्येक शब्द सावकाश वाचला.

“लयीत लक्षणीय घट. श्रेणी तीन. कंपवाताची शक्यता. तज्ज्ञांना दाखवावे.”

सभागृह हसून कोसळलं. “अकोल्याला या, डॉक्टर चांगले आहेत!” मावशी ओरडली. हे सांगायला हवं की कोठावळेही हसले. आधी ओशाळून आणि मग मनापासून. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, हा संदर्भ ग्राह्य धरता येणार नाही. मी तसं लिहून देतो.” मागे टाळ्या वाजल्या. कोषागारातल्या बाई रडत होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या.

मोकाशीबाईंनी हात वर केला. “एक राहिलं. या मुलीचा हात सहाशे चाळीस यंत्रांत गेला कसा? नववं पान वगळलं कोणी?”

“मी,” तेजल म्हणाली. “छत्तीस मिनिटं वाचवायला. वगळलं की उत्तर ‘नाही’ धरतात असं मी समजत होते. तपासून पाहिलं नाही. बाकी सगळं तपासलं, तेवढंच नाही.”

“एकटी नाही ती,” दाराकडून आवाज आला. रियाजभाई होते. इस्त्रीचा सदरा, हातात दुकानाच्या फाइली, कपाळावर घाम. “सहा दिवसांत द्या म्हणून मी सांगितलं. काम दुकानाचं, चूक दुकानाची. जे लिहायचं ते दुकानाच्या नावावर लिहा.” मग तेजलजवळ येऊन हळूच म्हणाले, “दोनशे अकरा लोकांपासून तोंड चुकवत गावात फिरायचं कुठून, सांग.”

मोकाशीबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. दोनशे अकराही पत्रं रद्द. करार कायम. हस्तलयच्या साठवलेल्या सर्व नोंदी पुसाव्यात. पान वगळल्यास उत्तर ‘नाही’ समजावे असा बदल कंपनीने करावा आणि तसा नियम सगळ्या राज्यात व्हावा म्हणून शिफारस शासनाकडे जाईल. “आणि दुकानदार. काळी यादी चूक लपवणाऱ्यांसाठी असते. तुम्हाला दुसरी शिक्षा आहे. ही सहाशे चाळीस यंत्रं पुन्हा लावायची. प्रत्येक टेबलावर जाऊन, माणसाला समोर बसवून, नऊच्या नऊ पानं विचारून. फाईल न वापरता.”

“मॅडम, तीनशे चौऱ्याऐंशी तास!” रियाजभाईंच्या तोंडून गेलं.

“आकडा पाठ आहे म्हणजे तुमचा,” बाई म्हणाल्या. “छान.”

घरी जाताना मावशीने कोपऱ्यावरून वांगी घेतली आणि भरून करते म्हणाली. स्वतः चिरली. तेजल ओट्याला टेकून तिच्या बोटांकडे पाहत होती. पाहतेय हे कळून मावशीने सुरीनेच तिला बाहेर जायची खूण केली.

सोमवारी सकाळी दहाला तेजल केंद्रावर हजर झाली. पहिलं टेबल मावशीचं. तिने जुनी नोंद मावशीच्या देखत पुसली, यंत्र नव्याने सुरू केलं. पहिलं पान आलं.

“इथे ‘नाही’ दाबलं तरी चालतं,” तेजल सवयीने म्हणाली.

“मला वाचू दे.”

आणि मावशी वाचू लागली, दस्त वाचावा तशी. कोणतं वाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं, मधे काय दडलंय. तिसऱ्या पानावर तिने ‘भागीदार’ म्हणजे कोण कोण ते विचारलं. तेजलला सांगता आलं नाही. सहाव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की छायाचित्रांवरची परवानगी काढून घेतली तरी आधी घेतलेली छायाचित्रं कंपनीकडे राहतील. हे पान तेजलने आजवर हजारो यंत्रांवर वगळलं होतं. वाचत आज पहिल्यांदाच होती.

“हे लिहून घे. हे कोठावळ्यांना विचारायचं,” मावशी म्हणाली. शेजारी तायडेकाकांनी केव्हाच आपली खुर्ची ओढून आणली होती, त्यांच्यामागे आणखी तिघे उभे होते. “ताई, ते सहावं पुन्हा वाचा बरं, मोठ्याने.”

आठ पानांवर आठ वेळा ‘नाही’. मग नववं आलं. तेजलने आपली खुर्ची मागे घेतली. मावशीने ते दोनदा वाचलं. खाली एक चौकट होती: अहवाल कोणाला मिळावा? कचेरी, विमा, डॉक्टर, फक्त मला.

“मी ‘हो’ म्हणाले तर माझाच हात माझ्याशी ताडेल?”

“आता तुझाच.”

“मग कळू दे मला माझं काय ते.” मावशीने ‘हो’ दाबलं. अहवालापुढे ‘फक्त मला’ निवडलं. टाइप करण्यासाठी यंत्राने हवापाण्यावरचा एक परिच्छेद पुढे केला. तिने तो बाजूला सारला, टेबलावरचा मोडी दस्त जवळ ओढला आणि तिच्या तिच्या चालीने टाइप करू लागली. मधेच थांबली. निरखलं. पुढे गेली. कोणी घाई केली नाही, यंत्रानेही नाही.

तेजलचा फोन वाजला. रियाजभाई होते, तहसील कचेरीतून. तिथे त्यांनी स्वतः पानं विचारायला घेतली होती. मागे कोणीतरी त्यांच्याशी चौथ्या पानावरून जोरात भांडत होतं.

“साडेबारा झाले, तेजल. किती झाले तुझे?”

तेजलने पडद्याकडे पाहिलं. मावशीचा परिच्छेद पुरा होऊन चौकट हिरवी झाली होती, आणि तायडेकाका चष्मा पुसून तयार बसले होते.

“एक!” ती म्हणाली आणि दुसऱ्या टेबलाकडे वळली.